गिरणीच्या जागेवर कोणाची चूल?

अनंत चतुर्दशीला इंदूरात आमच्या घरी दोन कामं असतात. दिवसभर मंदिर, कारण दशलक्षणाचा तो शेवटचा दिवस. आणि रात्री झांक्या. सासूबाईंचा उपवास असला तरी झांक्या बघायला त्या यायच्याच, पायात गोळे आले तरी यायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी मला कळेना, की गणपतीच्या मिरवणुकीत गिरण्यांची नावं कशाला पुकारतात. मी सोलापूरची. गिरणीचा भोंगा मला नवा नव्हता, पण गिरणी रथात बसून रस्त्यावरून जाते हे मी पहिल्यांदा पाहत होते. मालवा मिल, हुकुमचंद मिल, कल्याण मिल, स्वदेशी मिल, राजकुमार मिल. प्रत्येक गिरणीच्या कामगारांची आपली झांकी, दिव्यांनी लखलखलेली, हलत्याबोलत्या पुतळ्यांची. पार पहाटेपर्यंत त्या फिरायच्या आणि पोरं बापाच्या खांद्यावर झोपून जायची.

पुढे गिरण्या एकेक करून बंद पडल्या. झांक्या अजून निघतात. कामगार वर्गणी गोळा करतात, कोणी मदत देतं, आणि जिथे सूत निघत नाही त्या गिरणीचं नाव वर्षातून एकदा झगमगत शहरातून जातं.

त्यांतल्या हुकुमचंद मिलच्या जागेवर आता घरं आणि दुकानं व्हायची आहेत. या लेखाचं निमित्त ते.

हुकुमचंद म्हटलं की आपल्या समाजातल्या बायकांची मान जरा ताठ होते. माझीही होते. सर सेठ हुकुमचंद म्हणजे कापसाचा राजा, आणि इतवारिया बाजारातलं काच मंदिर त्यांनी बांधवलेलं. माहेरची कोणीही आली की मी तिला आधी तिथे नेते. भिंत, खांब, छत, जमीन, सगळीकडे काच, आणि त्या काचेत एकाच मूर्तीच्या किती मूर्ती दिसतात ते मोजता येत नाही. पाहुणी खूश होते, मी खूश होते, आणि येताना आम्ही कचोरी खातो. इतकी वर्षं मी कोणाही पाहुणीला तिथून थोडं पुढे, गिरणीच्या फाटकापाशी नेलं नाही. हे लिहिताना लक्षात आलं, म्हणून सांगून टाकते.

ती गिरणी 12 डिसेंबर 1991 ला बंद पडली. त्या दिवशी तिथे 5,895 कामगार होते. त्यांचा थकलेला पगार, ग्रॅच्युइटी, नुकसानभरपाई यासाठी कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या आणि त्या इतक्या लांबल्या, की खटल्याच्या सुरुवातीला जन्मलेल्या मुलींची लग्नं होऊन त्यांना मुलं झाली. कामगार दर रविवारी गिरणीच्या फाटकाशी जमत राहिले. शेवटी मध्य प्रदेश गृहनिर्माण मंडळ आणि महापालिका यांनी मिळून जमिनीचा विकास करायचा असं ठरलं, मंडळाने पैसे भरले, आणि 25 डिसेंबर 2023 ला सुमारे 224 कोटी रुपयांचा धनादेश पंतप्रधानांच्या हस्ते देण्यात आला. सुमारे 4,800 कामगारांना त्याचा लाभ व्हायचा होता. म्हणजे 32 वर्षं. कामगार संघटना सांगतात की या काळात दोन हजारांहून जास्त कामगार वारले. त्यांच्या वाटणीच्या रकमेसाठी आता रांगेत वारस, म्हणजे पुष्कळदा त्यांच्या विधवा.

जमीन साडेबेचाळीस एकर. ऐन शहरात. अशा जागेवर बंद गिरणी कायम उभी राहू द्यावी, असं मी म्हणणार नाही. कामगारांचे पैसे त्या जमिनीतूनच निघाले, ही गोष्टही विसरता येत नाही. शहराला घरं लागतात, दुकानं लागतात. माझी तक्रार घरांबद्दल नाही, घरांबरोबर येणाऱ्या एका शब्दाबद्दल आहे. ‘मिक्स्ड यूज’, मिश्र वापर. खाली दुकानं, मध्ये कार्यालयं, वर घरं, बाजूला बाग. सगळे हा शब्द अशा थाटात वापरतात की जणू एकाच जागेत राहणं आणि कमावणं हा कालपरवाचा शोध आहे.

आमच्याकडे उन्हाळ्यात पापड आणि मुगाच्या वड्या करायला एक बाई यायच्या. त्यांचे यजमान गिरणीत होते. गिरणी बंद झाल्यावर त्यांनी लोकांच्या घरी जाणं सोडून परदेशीपुऱ्यातल्या आपल्या खोलीतच काम सुरू केलं. मी एकदा ऑर्डर द्यायला गेले होते. एकच खोली आणि पुढे ओटा. पहाटे त्या खोलीत सगळे झोपलेले, सात वाजता अंथरुणं गुंडाळली की तिथे पीठ मळायचं, दहाला शेजारच्या चार बायका पोळपाट घेऊन यायच्या, दुपारी पापड ओट्यावर आणि समोरच्या गल्लीत खाटांवर वाळत, संध्याकाळी तिथेच मुलांचा अभ्यास, आणि ओट्यावर बसून यजमान गिऱ्हाइकाला पुड्या द्यायचे. मला म्हणाल्या, “भाभी, गिरणी बंद झाली पण घर बंद नाही पडू दिलं.” मी ते ऐकलं, दोन किलोचे पैसे दिले आणि आले. आता त्या वाक्यापाशी थांबते. घर बंद पडू दिलं नाही म्हणजे काय? घर हाच कारखाना होता, गोदाम होतं, दुकान होतं. कोणा वास्तुविशारदाने काढलेला नकाशा नव्हता. पण मिश्र वापर याहून जास्त कसा असतो?

मुंबईच्या गिरणगावात हेच फार मोठ्या प्रमाणावर होतं. कोकणातून, घाटावरून आलेल्या पुरुषांची कुटुंबं गावाकडे, आणि इथे त्यांना जेवू घालायच्या खानावळवाल्या बायका. एका खोलीत संसार, त्याच खोलीत दहावीस जणांचा दोन वेळचा स्वयंपाक. विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत मुंबईच्या गिरण्यांत साधारण पाच कामगारांतली एक बाई असे, रिळावर सूत भरायच्या खात्यात. नंतर रात्रपाळीची बंदी, बाळंतपणाच्या भत्त्याचा 1929 चा कायदा झाल्यावर मालकांनी धरलेला हात आखडता, नवी यंत्रं, अशा कारणांनी त्या कमी कमी होत गेल्या. बाई गिरणीतून बाहेर पडली, पण गिरणी तिच्या चुलीवर चालत राहिली. 1975 साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते याच खानावळवाल्यांसाठी. सावकाराच्या जागी बँकेचं कर्ज मिळवून देणं, हे त्यांचं पहिलं मोठं काम. बँकेला आधी पटवायला लागलं की ही बाई ‘गृहिणी’ नाही, धंदा करते.

म्हणून मला गिरणीवर लिहिलेलं वाचताना, पाहताना एक खटकतं. जयंत पवारांचं ‘अधांतर’ मी दोनदा पाहिलंय आणि दोन्ही वेळा रडलेय. संपानंतरच्या गिरणगावातली एक खोली, आई, तीन मुलगे, एक मुलगी. मराठी नाटकात एवढी खरी खोली क्वचित उभी राहिली असेल. पण गिरणीवरच्या आपल्या बहुतेक लेखनात खोली ही दुःखाची जागा असते, लोक तिथे कोंडतात, भांडतात, तिथून पळू बघतात. त्याच खोलीतून किती रोजगार निघत होता, ते बहुतेकांनी हिशेबात घेतलं नाही. लेखकांनी नाही घेतला तर चालून जातं. नकाशे काढणाऱ्यांनी घेतला नाही, त्याचं काय झालं ते मुंबईत दिसतं.

18 जानेवारी 1982 चा संप, अडीच लाखांच्या आसपास कामगार, हे आपल्याला माहीत आहे. त्यानंतर राहिली ती जमीन, सुमारे 600 एकर. 1991 च्या विकास नियमावलीत 58 क्रमांकाचा नियम आला. गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे करायचे, एक महापालिकेला बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. ऐकायला किती न्याय्य! घरात तीन भावांची वाटणी व्हावी तसं. 2001 मध्ये त्यात दुरुस्ती झाली. वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची, ज्या जमिनीवर शेड उभ्या आहेत किंवा पाडल्या आहेत ती धरायची नाही. उच्च न्यायालयाने 2005 मध्ये पर्यावरणवाद्यांची बाजू घेतली, पण 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुरुस्ती उचलून धरली. ज्या घरात वाटण्या झाल्यात तिथल्या बायकांना हा डाव समजावून सांगायला नको. घर मोजायचं नाही, फक्त अंगण मोजायचं, आणि अंगणाचे तीन भाग.

कामगारांना घरं मिळाली, अगदीच नाही असं नाही. 1 मार्च 2020 ला म्हाडाने वडाळ्याच्या आणि लोअर परळच्या गिरण्यांच्या जागांवरच्या 3,894 घरांची सोडत काढली. अर्ज करणारे दीड लाखाहून जास्त. ज्यांना लागली त्यांचं मी मनापासून अभिनंदन करीन. घर 225 चौरस फुटांचं. ओटा नाही, गल्ली नाही, वाळवणाला खाट टाकायची जागा नाही, कारण दाराबाहेर लिफ्टची सामायिक जागा, तिथे काही ठेवलं की सोसायटीची नोटीस. चाळीची खोली याहून लहान असे, हे खरं आहे, आणि चाळीचा संडास मला कोणी गोड करून सांगू नये, मी माझ्या आत्याकडे तो वापरलाय. पण चाळीला गॅलरी होती. त्या गॅलरीत बाईची अर्धी कमाई होत असे. नव्या घरात संडास आत आला आणि कमाई बाहेर गेली. याला मिश्र वापर म्हणत नाहीत. आणि शेजारच्या टॉवरखाली जिथे उपाहारगृहं, कार्यालयं, दुकानं असतात त्याला म्हणतात. 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री कमला मिलच्या आवारातल्या गच्चीवरच्या उपाहारगृहांना आग लागली आणि 14 जण गेले. त्यांत 11 बायका होत्या. जुन्या आवारात नवा धंदा घालताना बाहेर पडायची वाट आधी बघायला लागते, एवढी साधी गोष्ट.

इंदूरला मुंबईनंतर वीस-पंचवीस वर्षांनी संधी आली आहे. उशिरा येणाऱ्याला पुढच्याची ठेच बघता येते.

आता इमारतींबद्दल. बायकांच्या मंडळात हा विषय काढला की म्हणतात, जुन्या शेडमध्ये कोण राहील, अंधार आणि उंदीर. यात तथ्य आहे, म्हणून थोडं सांगते. गिरणीत दोन तऱ्हेच्या इमारती असतात. सूतकताईच्या इमारती मजल्यांच्या, मोठ्या खिडक्यांच्या, यंत्रांचा भार सोसतील अशा दणकट. विणकामाच्या शेड एकमजली आणि अफाट पसरलेल्या, छप्पर करवतीच्या दातांसारखं. प्रत्येक दाताची उभी बाजू काचेची आणि उत्तरेकडे तोंड केलेली, म्हणजे ऊन आत न येता दिवसभर सारखा उजेड, धागा तुटला तर दिसावा म्हणून. पहिल्या तऱ्हेत घरं करणं त्या मानाने सोपं. दुसऱ्या तऱ्हेत अडचण अशी, की शेड इतकी रुंद असते की मधल्या घराला खिडकीच मिळत नाही. स्वयंपाकघर मधोमध आलं तर फोडणीचा धूर जाणार कुठे? मग शेडच्या पोटात जागोजागी छप्पर काढून चौक करावे लागतात, जसे आपल्या वाड्यांना असतात. सांडपाण्याच्या नळ्या जमिनीखालून नव्याने टाकाव्या लागतात. खर्च येतो. पाडून टॉवर बांधणं स्वस्त, आणि विकायला जास्त फूट मिळतात. कारण एवढंच आहे, बाकी ‘जुनं टिकत नाही’ वगैरे बोलायच्या गोष्टी.

कारण टिकतं. व्हिएन्नात 1890 च्या दशकात बांधलेल्या गॅसच्या चार अवाढव्य विटांच्या टाक्या होत्या. काम थांबल्यावर बाहेरची भिंत तशीच ठेवून आत घरं, विद्यार्थ्यांचं वसतिगृह, दुकानं बसवली, 2001 मध्ये लोक राहायलाही आले. गोल भिंतीत कपाट कसं बसवतात देव जाणे, पण राहतात.

मला मात्र त्याहून ब्राझीलच्या लीना बो बार्दी जवळच्या वाटतात. साओ पाउलोत पिंपांचा एक जुना कारखाना होता, तो पाडून तिथे नवं केंद्र बांधायचं घाटत होतं. 1976 च्या सुमारास त्या पाहायला गेल्या तेव्हा विटांच्या रिकाम्या शेडी आवडल्या. सुट्टीच्या दिवशी परत गेल्या तर तिथे मुलं पळत होती, आया खायचं करत होत्या. बाईंनी ठरवलं, इथे जे आधीच चाललंय ते चालू राहील अशी इमारत करायची. शेड ठेवल्या, त्यांत वाचनालय, नाट्यगृह, हातकामाच्या कार्यशाळा, जेवणघर घातलं, पुढे खेळासाठी काँक्रीटचे मनोरे बांधले. घरं नाहीत तिथे, हे कबूल. पण नकाशा काढण्याआधी त्या जागेवर कोण काय करतंय हे त्यांनी सुट्टीच्या दिवशी पाहिलं, हे मला फार मोठं वाटतं. आमच्या गिरणीच्या फाटकाशीही लोक सुट्टीच्याच दिवशी, रविवारी, जमत होते. आत काय होतं? तीस वर्षं कोणी न लावलेली झाडं. त्यांचं जंगल झालं आणि ती तोडली जाणार म्हटल्यावर शहरातली माणसं ती वाचवायला रस्त्यावर आली. एकेंद्रिय जीवांची हिंसा टाळायला आपण चातुर्मासात हिरवी भाजी सोडतो. त्या आंदोलनात आपल्या मंडळातल्या किती जणी गेल्या? मी एकदा गेले, तेही अर्धा तास. मोजून सांगते म्हणजे पुढच्या वाक्याचा अधिकार मिळेल.

कारण पुढचं वाक्य कडू आहे. गेल्या वर्षी एका घरगुती कार्यक्रमात गिरणीच्या जागेवरच्या घरांचा विषय निघाला. बायका उत्साहाने बोलत होत्या, मंदिर जवळ पडेल, शाळा जवळ. मग एक जण म्हणाली, “अख्खी विंगच आपण घेऊ या ना. आपलेच लोक, वासाची कटकट नको.” सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली असेल, आठवत नाही, आणि आठवत नाही हेच लक्षण वाईट. मुंबईत, अहमदाबादेत अशा इमारती पुष्कळ आहेत. कायद्याचा आधार लागला तर 2005 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे, अहमदाबादच्या पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यातला, की सहकारी संस्थेला आपलं सभासदत्व एका समाजापुरतं ठेवता येतं. कायदा चालू देईल. पण ज्या जमिनीच्या विक्रीतून विधवांचे 32 वर्षांचे पैसे फिटले, त्या जमिनीवर त्या विधवेच्या नातीला आपण तिच्या कढईतल्या वासावरून घर नाकारणार?

मी स्वतः कांदा-लसूण खात नाही, सूर्यास्तानंतर जेवत नाही. शेजारच्या घरात मासळी तळली तर मला त्रास होतो, हे खोटं कशाला बोलू. पण त्रास सहन करण्यालाही आपल्याकडे नाव आहे, परीषह म्हणतात, आणि तो फक्त मुनींसाठी राखून ठेवलेला नाही. दुसरं असं. परिग्रहाला मर्यादा घालायचं व्रत आपण घेतो, तेव्हा तत्त्वार्थसूत्राच्या यादीत सोनंचांदीच्याही आधी कोणती जोडी येते? क्षेत्र आणि वास्तू. जमीन आणि घर. आपण सोन्याचे तोळे लिहून मर्यादा घालतो. फ्लॅट किती, हा आकडा वहीत लिहिलेली बाई मला अजून भेटायची आहे. जिथे दुसरा-तिसरा फ्लॅट ‘गुंतवणूक’ म्हणून कुलूप लावून ठेवतात, तिथला मिश्र वापर म्हणजे खाली दुकान आणि वर कुलूप.

मग काय मागायचं? मोठं काही नाही. गृहनिर्माण मंडळ सरकारी आहे, महापालिका आपली आहे, विचारता येतं. गिरणी कामगारांच्या कुटुंबांसाठी काही घरं, आणि ती टॉवरच्या मागे कोपऱ्यात नव्हे. तळमजल्यावर मोठ्या दुकानांबरोबर आठ-दहा फुटांचे छोटे गाळे, बायकांच्या बचतगटांना परवडतील अशा भाड्याने. एक सामायिक स्वयंपाकघर, धुराड्याची आणि पाण्याची नीट सोय असलेलं, जिथे डबे आणि पापड करता येतील. वाळवणाला गच्ची, आणि तिचं कुलूप सेक्रेटरीकडे नको. झाडं उभी ठेवून मग नकाशा. एखादी शेड, एक तरी, उत्तरेच्या उजेडाची, तिच्यात काय करायचं ते नंतर ठरवा.

ती शेड मी भावनेपोटी मागत नाहीये. परवा पापडवाल्या बाईंच्या मुलाला विचारलं, या वर्षी झांकी कुठे बांधणार? दोन महिने आधीपासून सांगाडे उभे करायचे असतात, मोटारी बसवायच्या, पुतळे रंगवायचे, पावसात वर छप्पर हवं. तो म्हणाला, “देखते हैं भाभी, अभी जगह का कुछ पक्का नहीं.”